श्रीसंत सेना महाराज : धोकटी आणि तिच्यातला दगड

श्रावण वद्य द्वादशी जवळ आली की आमच्याकडे कीर्तनाची निमंत्रणे येऊ लागतात. त्या दिवशी श्रीसंत सेना महाराजांची पुण्यतिथि. गावोगावचे नाभिक बंधू महाराजांच्या तसबिरीची पूजा करतात, भजन होते, कीर्तन होते, प्रसाद वाटला जातो. गेली कित्येक वर्षे आम्ही या तिथीला वीणा गळ्यात घालून उभे राहत आलो. चरित्र तेच, पण दर खेपेस त्यातून काही निराळेच हाती लागते, हा संतचरित्राचा गुणच आहे. यंदा जे हाती लागले ते वारकरी मंडळींच्या चरणी ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

सेना महाराज जातीने न्हावी. जुन्या मराठीत या मंडळींना वारीक म्हणत. महाराजांविषयी परंपरा दोन आहेत. उत्तरेकडची परंपरा सांगते की, महाराज बांधवगडच्या राजाच्या पदरी होते आणि स्वामी रामानंदांचे शिष्य होते. हा बांधवगड आज मध्य प्रदेशात उमरिया जिल्ह्यात मोडतो. नाभाजींच्या भक्तमाळेत महाराजांचे नाव आहे, आणि तिच्यावर प्रियादासांनी १७१२ साली जी टीका लिहिली तीत ही राजाची कथा आली आहे. दुसरी परंपरा आपली, पंढरीची. ती महाराजांना ज्ञानोबा-नामदेवांच्या मेळ्यात बसवते. त्यांचे मराठी अभंग आपल्या गाथेत आहेत. त्यांत पंढरीचा आनंद आहे, आळंदीचे माहात्म्य आहे, गौळणीही आहेत. ताहराबादच्या महिपतीबुवांनी शके १६८४ म्हणजे १७६२ साली भक्तविजय पुरा केला, त्यात महाराजांचे आख्यान रसाळपणे गायिले आहे. इतकेच नव्हे, तर शिखांच्या आदिग्रंथात, जो १६०४ साली सिद्ध झाला, धनाश्री रागात सैन भगतांचे एक पद आहे. त्याच ग्रंथात संत रविदासांनी नामदेव, कबीर, त्रिलोचन आणि सदना यांच्या पंक्तीला सैनांचे नाव घेतले आहे. कोणी विद्वान म्हणतात सेना एक, कोणी म्हणतात दोन. आम्ही त्या वादात शिरत नाही. पंजाबपासून पंढरपुरापर्यंत ज्याचे नाव भक्तांच्या तोंडी राहिले, त्याच्या हातात वस्तरा होता, एवढे मात्र दोन्हीकडे सारखेच सांगतात. आणि आम्हांला आज त्या हाताविषयीच बोलावयाचे आहे.

आता न्हाव्याची धोकटी म्हणजे काय, हे हल्लीच्या मुलांना सांगावे लागेल. धोकटी म्हणजे चामड्याची पिशवी. तीत वस्तरा, कातर, चिमटा, फणी, नखे काढावयाची नराणी, पाण्याची वाटी, आरसा, वस्तरा पलाटावयाची चामोटी आणि एक दगड. या दगडाला निसणा म्हणत, कोणी नुसती सहाण म्हणत. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो तो वस्तरा आणि आरसा. दगड बिचारा तळाशी. पण वस्तऱ्याची सगळी अब्रू त्या दगडाच्या हाती असते. आम्ही पाठशाळेत कठोपनिषद शिकलो, त्यात ऋषींनी परमार्थाच्या वाटेला क्षुराच्या धारेची उपमा दिली आहे. क्षुर म्हणजे वस्तरा. ती उपमा आम्ही वर्षानुवर्षे सांगितली. पण धार येते कोठून, हा प्रश्न काही आम्हांला पडला नव्हता.

असो. महाराजांचे चरित्र सांगावयाचे म्हणजे त्या एका सकाळचे चरित्र सांगावयाचे. महाराज रोज सकाळी स्नान करून देवपूजेला बसत, आणि पूजा आटोपली की धोकटी काखेला मारून कामाला निघत. राजवाड्यातली श्मश्रू त्यांच्याकडे. एके दिवशी पूजेत मन असे रंगले की वेळेचे भान उरले नाही. राजाकडून बोलावणे आले. घरातल्या माउलीने नवऱ्याची समाधी मोडू नये म्हणून, ते घरी नाहीत असे सांगून जासुदाला वाटेला लावले. पुन्हा बोलावणे आले, पुन्हा तेच उत्तर. इतक्यात कोणी चहाडखोराने जाऊन राजाच्या कानात सांगितले की, न्हावी घरातच आहे आणि खुशाल देव पुजीत बसला आहे. मग काय विचारता! राजाचा कोप झाला. महाराजांना बांधून आणून शासन करण्याची आज्ञा सुटली.

इकडे भक्ताचे संकट देवाला कळले. पांडुरंगाने सेना न्हाव्याचे रूप घेतले, तीच धोकटी काखेला मारली आणि राजापुढे जाऊन मुजरा केला. त्याला पाहताच राजाचा राग कोठल्या कोठे गेला. देव खाली बसला, राजाचे डोके हातात घेतले आणि हजामत केली. मग वाटीत तेल घेऊन मर्दन करू लागला. राजाने सहज त्या तेलाच्या वाटीत पाहिले, तो आत चतुर्भुज श्यामसुंदर मूर्ती. वर पाहावे तो न्हावी, खाली पाहावे तो नारायण. राजाचे देहभान हरपले. त्याने ओंजळभर मोहरा दिल्या. देवाने त्या धोकटीत टाकल्या, धोकटी महाराजांच्या घरी खुंटीला लावली आणि देव अंतर्धान पावला. पुढे राजाला ते रूप पुन्हा पाहण्याची तळमळ लागली, त्याने महाराजांना बोलावून घेतले. महाराज भीत भीत आले, कारण त्यांनी त्या दिवशी वाड्यात पाऊलही टाकले नव्हते. राजा मात्र वाटीत तेल घालून तेच रूप दाखवण्याची विनवणी करू लागला. तेव्हा सारा प्रकार महाराजांच्या ध्यानी आला आणि आपल्यासाठी देवाला हे काम करावे लागले म्हणून त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. धोकटीत सापडलेल्या मोहरा त्यांनी दान करून टाकल्या.

ही कथा आम्ही किती वेळा सांगितली त्याची गणती नाही. श्रोते माना डोलावतात, टाळ्या वाजतात, आरती होते. पण काही वर्षांपूर्वी एका गावी कीर्तन संपल्यावर एक नाभिक तरुण आम्हांपाशी आला. पाया पडला आणि नम्रपणेच म्हणाला की, बुवा, सेना महाराजांसाठी देव धावला हे खरे, पण माझा बाप जन्मभर लोकांच्या मागच्या दाराशी धोकटी घेऊन उभा राहिला, हजामत झाली की लोक आंघोळ करून मोकळे होत, सुगीला पायलीभर धान्य टाकीत, त्याच्यासाठी कोणीच का आले नाही? आम्ही काही तरी प्रारब्धाचे बोललो. पोराने ऐकून घेतले आणि तो गेला. पण आमचे आम्हांलाच कळले की हे उत्तर नव्हे. शास्त्र शिकलेल्या माणसाला उत्तर सुचले नाही की तो शब्द वाढवतो, तसे आम्ही वाढवले होते.

त्या रात्री झोप आली नाही, आणि एक जुनी गोष्ट आठवली. आम्ही पाठशाळेत असताना महिन्यातून एकदा आमचे क्षौर करावयाला एक म्हातारे न्हावी येत. वयाने आमच्या आजोबांएवढे; पण आम्ही दहा-अकरा वर्षांची पोरे त्यांना एकेरी नावाने हाक मारीत असू. तशी रीत होती आणि रीत वाईट आहे असे आम्हांला कोणी शिकवलेही नाही. एकदा ते पाणी प्यावयाला विहिरीवर गेले तेव्हा आम्ही त्यांच्या धोकटीतला दगड काढला आणि आमचा पेन्सिल तासण्याचा चाकू त्यावर जोरजोराने घासला. दगडाच्या पाठीवर मधोमध एक चर पडला. म्हातारा परत आला, दगड पाहिला. रागावला नाही. दगड उन्हात तिरपा धरून त्याने मला दाखवला आणि सांगितले की, चर तर पडलाच आहे, पण दगड आधीच मध्ये खोल झाला होता, तेव्हा आज तुझ्याच हातून तो सरळ करून घेऊ.

मग जे पाहिले ते सांगतो, कारण ती विद्याच आहे आणि तिला पैसा लागत नाही. वस्तऱ्याची गंमत अशी की तो दगडावर ठेवताना पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवावयाची, मग धार पुढे ठेवून ओढावयाचा. पाठ टेकली की धारेचा कोन आपोआप साधतो. पण हे सगळे दगड सपाट असेल तर. रोजच्या घासण्याने दगड मधोमध झिजतो, बशीसारखा खोलगट होतो. खोलगट दगडावर पात्याची धार सगळीकडे सारखी टेकत नाही. कोठे लागते, कोठे सुटते, आणि हळूहळू पात्याची सरळ रेघच बिघडते. असा वस्तरा कातडीवर ओढला की खरवडतो. कापते गिऱ्हाइकाला आणि दोष येतो न्हाव्याच्या हाताला.

म्हाताऱ्याने नदीची वाळू आणावयाला लावली. ती फडक्यातून चाळून घेतली, खडा राहू दिला नाही. अंगणातली एक चांगली सपाट फरशी धुऊन काढली. दगडाच्या तोंडावर चुलीतल्या कोळशाने उभ्या-आडव्या रेघा मारल्या. फरशीवर वाळू पसरली, पाणी शिंपडले आणि दगड पालथा घालून आम्हांला घासावयाला बसवले. गोल गोल, मग उभे, मग आडवे. दहा-वीस हात झाले की दगड उलट टोकाने फिरवावयाचा, म्हणजे आपल्या हाताचा भार एकाच बाजूला पडत नाही. फरशीवरची जागाही बदलावयाची, नाही तर फरशीच खोल होते. थोड्या वेळाने दगड धुऊन पाहिला. कडेच्या रेघा पुसल्या होत्या, मधल्या जशाच्या तशा. कारण कडा उंच म्हणून त्या आधी टेकल्या. आम्ही समजलो झाले. म्हाताऱ्याने मान हलवली. मधली रेघ दिसते तोवर उठावयाचे नाही.

दुपार कलली. हात भरून आले. वाळूचा प्रथम करकर आवाज येत होता, तो हळूहळू मऊ होत गेला. कारण घासता घासता वाळूच पिठासारखी होते आणि तिची रेघ बारीक पडते. मधूनमधून नवी वाळू, नवे पाणी. शेवटी कोळशाच्या रेघा काढून दोनच हात घासले तरी सगळ्या एकदम पुसल्या जाऊ लागल्या. तेव्हा दगड सरळ झाला. चरही गेला. पुढे म्हाताऱ्याने दगड, फरशी आणि आमचे हात तीन पाण्यांनी धुवावयाला लावले. वाळूचा एक कण जरी दगडावर राहिला तरी तो धारेला दात पाडतो. मग दुसऱ्या गुळगुळीत दगडाच्या तुकड्याने तोंड पाण्यात घासून नितळ केले. चारी बाजूंच्या धारदार कडा तिरप्या घासून मोडल्या, कारण कड तीक्ष्ण राहिली तर तिचा टवका उडतो आणि वस्तऱ्याला लागतो. इतके झाल्यावर वस्तरा चार वेळा दगडावर ओढला, मग पाठ पुढे करून चामोटीवर पलाटला आणि आमच्या दंडावरची लव अलगद काढून दाखवली. आम्हांला पात्याचा स्पर्शही कळला नाही.

आम्ही विचारले की, एकावर एक दोन दगड घासले तर चालणार नाही का, फरशी कशाला? म्हातारा हसला. त्याने सांगितले की, दोनच दगड एकमेकांवर घासत बसलात तर एक खोल होतो आणि दुसरा फुगतो, आणि दोघांनाही वाटते की आपण बरोबर जुळलो. तिसरा दगड हवा. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, असे आळीपाळीने घासले तर मात्र तिघेही सपाट होतात. पुढे वाचनात आले की विलायतेतही गेल्याच्या गेल्या शतकात यंत्रांसाठी सपाट पत्रे करताना हीच तीन पत्र्यांची युक्ती वापरली गेली. आमच्या म्हाताऱ्याला ती कोणी शिकवली कोण जाणे, त्याला अक्षरही येत नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही त्यांना नाना म्हणू लागलो. आधी का म्हटले नाही, याची लाज अजून जात नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. ही दुपार आठवली आणि आख्यान निराळेच दिसू लागले. देव सेना महाराजांचे काम टाळावयाला आला नाही, करावयाला आला. त्याने सुदर्शन काढले नाही, राजाला दरारा दाखवला नाही. खुंटीवरची धोकटी घेतली आणि तिच्यातल्या वस्तऱ्याने राजाची हजामत केली. म्हणजे तो वस्तरा तयार होता. ज्याला पूजेत भान राहिले नाही त्याच्या हत्याराला मात्र धार होती. आम्हांला असे वाटते की महाराजांचे भजन पूजेच्या पाटावर जेवढे होत असेल तेवढेच दगडावर वाकलेल्या मानेनेही होत असले पाहिजे. सावतोबांची भाजी, गोरोबांची माती, नरहरीचे सोने, तसा हा दगड. देव भक्ताच्या घरी आला तर त्याने कशाला हात घालावा, ते भक्ताने आधी तयार करून ठेवलेले असते.

पण एवढ्यावर थांबले तर त्या पोराला उत्तर मिळत नाही. उलट त्याच्या बापालाच आणखी कामाचा उपदेश केल्यासारखे होते. खरी गोष्ट पुढे आहे. या आख्यानात चुकले कोण? न्हावी चुकला नाही. त्याची बायको चुकली नाही. चुकला तो पाटावर डोके पुढे करून बसलेला राजा. रोज तो त्याच हातांखाली बसत होता आणि त्याला न्हाव्यापलीकडे काही दिसत नव्हते. एक दिवस वाटीत पाहण्याची बुद्धी झाली म्हणून दिसले. तेव्हा ही कथा न्हाव्याला सांगावयाची नाहीच मुळी. ही हजामत करून घेणाऱ्याला सांगावयाची कथा आहे. आम्ही ती जन्मभर चुकीच्या माणसाकडे तोंड करून सांगितली. त्या तरुणाच्या बापासाठी देव आला नाही असे नव्हे. तो रोज धोकटी घेऊन मागच्या दारी उभा होता. आत बसलेल्यांनी वाटीत पाहिले नाही. पाठशाळेतल्या आम्हीही पाहिले नाही. पुढच्या वर्षी आम्ही मुद्दाम त्याच गावी कीर्तन मागून घेतले, त्या तरुणाला पुढे बसवले आणि भर सभेत हे सांगून आमची चूक कबूल केली. कीर्तन झाल्यावर तो पुन्हा पाया पडावयाला वाकला, तेव्हा आम्ही त्याला वरच्या वर धरले आणि उराउरी भेटलो. पांडुरंगाच्या वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो ती रीत गावच्या चावडीत का विसरतो, हा प्रश्न आमचा आम्हांलाच आहे.

महाराजांचा एक अभंग प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी आपल्या धंद्याचेच रूपक केले आहे: विवेक हा त्यांचा आरसा, वैराग्य हा चिमटा, शांती हे पाणी, अहंकाराची शेंडी पिळावयाची आणि कामक्रोधाची नखे काढावयाची. शेवटी ते सांगतात की चारी वर्णांना हात देऊन आपण निवांत राहिलो. त्यात दगडाचे नाव नाही. पण ज्याच्या हातात चारी वर्णांची डोकी येतात त्याला दगड सरळच ठेवावा लागतो; एकासाठी एक धार आणि दुसऱ्यासाठी दुसरी, असे त्याला चालत नाही. आपल्या मनाचेही तसेच आहे. रोजच्या सवयीने ते मधोमध झिजते, आणि आपले आपल्याला कळत नाही. दोघे मित्र एकमेकांची वाहवा करीत बसले तर दोन दगडांसारखे होते. एक खोल, एक फुगीर, आणि दोघेही खूश. म्हणून तिसरा लागतो. वारीत अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून चालावे लागते, ते याचसाठी असेल.

आता व्यवहाराचे दोन शब्द. हल्ली दुकानातून एका माणसाला एकच वापरून टाकून द्यावयाचे पाते घातलेला वस्तरा असतो, आणि ते योग्यच आहे. रक्तातून पसरणाऱ्या काविळीसारख्या आणि एड्ससारख्या रोगांमुळे ती खबरदारी हवीच. पण ज्यांच्या घरी वाडवडिलांचा वस्तरा आणि निसणा आहे त्यांनी तो अडगळीत टाकू नये. फरशी आणि वाळू नसेल तर जाड सपाट काचेचा तुकडा घ्यावा, त्याच्या कडा घासून बोथट कराव्यात, त्यावर पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ओला करून चिकटवावा. आधी २२० नंबर, मग ४००, मग ६००. दगडावर पेन्सिलीच्या रेघा माराव्यात आणि त्या सगळ्या एकदम पुसेपर्यंत घासावे. घासणे नेहमी पाण्यातच. कोरडी दगडाची धूळ छातीला वाईट.

आषाढीच्या वाटेवर आजही पाहा, किती तरी नाभिक बंधू मुक्कामाच्या ठिकाणी बसून वारकऱ्यांची दाढी-हजामत सेवा म्हणून फुकट करतात. यंदा त्यांच्यापुढे बसाल तेव्हा घाई करू नका. त्यांचे नाव विचारा, दादा म्हणा, काका म्हणा. आणि जवळ पाण्याची वाटी असेल तर तीत एकदा वाकून पाहा.

रामकृष्णहरि.